बांधावरची वासनवेल आणि डेंग्यूचा सातवा दिवस

माण, आटपाडी, जत या पट्ट्यात पाणी साठवल्याशिवाय संसार चालत नाही. टँकर आला की बॅरल, रांजण, हौद, हाती लागेल ते भरून ठेवायचं. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमकं असंच स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि भांड्याच्या काठाला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. त्यामुळे दुष्काळी गावांतही हे ताप ठाण मांडतात. ताप आला की माझा फोन वाजतो: "सर, पेशी कमी झाल्यात. पपईचा पाला द्यायचा, का गुळवेल?"

औषधी वनस्पतींमधली रसायनं शोधणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही. चिकुनगुन्या १९७३ मध्ये बार्शीत येऊन गेला, २००५-०६ मध्ये परत आला आणि महाराष्ट्रात गावंच्या गावं सांधे धरून बसली. तरी आज या दोन्ही तापांवर थेट विषाणूला रोखणारं मान्यताप्राप्त औषध नाही. लोक झाडपाल्याकडे वळतात ते म्हणूनच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

मात्र डेंग्यूची चाल समजून घ्यायला हवी. ताप साधारण चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास उतरतो. प्लेटलेट, म्हणजे फोनवर विचारल्या जाणाऱ्या 'पेशी', त्याच सुमारास तळ गाठतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत बहुतेकांच्या आपोआप चढू लागतात. पाल्याचा रस घरात सुरू होतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी, पेशींचा रिपोर्ट हातात आल्यावर. सातव्या दिवशी आकडा वर जातो आणि श्रेय रसाला मिळतं. रस न घेतलेल्यांचाही आकडा चढलेला असतो, पण तो शेजारी मांडून कोणी पाहत नाही. मलेशियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही तुलना केली होती. २२८ रुग्णांपैकी काहींना पपईच्या पाल्याचा रस दिला, काहींना दिला नाही. रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट अधिक लवकर वाढल्या. हे मोलाचं आहे. पण डेंग्यूत जीव जातो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळल्यामुळे. ते पाझरणं रसाने थांबतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. ताप उतरल्यावर पोटात कळा, सतत उलट्या, गार हातपाय, कमी लघवी यातलं काही दिसलं, तर काढ्याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आणि तापात मनाने आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घ्यायचं नाही.

मला स्वतःला सर्वांत आशा वाटते ती वासनवेलीबद्दल. सांगली-साताऱ्याच्या बांधांवर, कुंपणांवर चढणारी ही साधी वेल. पानं पाण्यात चुरगाळून ठेवली की पाणी हिरवंगार थिजतं, हा खेळ इथल्या कितीतरी मुलांनी खेळलेला असतो. ती गुळवेलीच्याच कुळातली. पहाडवेलही त्याच कुळातली. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी आधी पहाडवेलीचा अर्क तपासला. डेंग्यूच्या चारही प्रकारांवर तो परिणामकारक ठरल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे सन फार्माबरोबर वासनवेलीच्या शुद्ध जलीय अर्कावर काम झालं, त्यातलं सायनोकॉक्युलिन हे क्रियाशील द्रव्य ओळखलं गेलं आणि अर्क माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचला. केंद्र सरकारने २०१५ च्या अखेरीस वनस्पतिजन्य औषधांसाठी वेगळा नियम केला. अर्कातली किमान चार द्रव्यं ओळखून मोजायची आणि मग इतर नव्या औषधांसारख्याच कसोट्या द्यायच्या. या नियमाने झाडपाल्याला सवलत दिली नाही, रस्ता दिला. मला तो अतिशय योग्य वाटतो.

किराईत आणि हळद मात्र अजून अलीकडच्या काठावर आहेत. किराईतातलं अँड्रोग्राफोलाइड आणि हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये चिकुनगुन्याच्या विषाणूला अडवतात. पण कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे. तरी हळदीच्या दुधाने चिकुनगुन्या बरा होईल असं मी कुणाला सांगणार नाही.

गुळवेलीबाबत काळजी निराळी. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीकडे बोट दाखवलं. वाद बाजूला ठेवला तरी वेल ओळखण्याचा प्रश्न उरतोच. बाजारात वाळलेल्या कांड्यांचे तुकडे मिळतात. पान नाही, फूल नाही. त्यावरून जात सांगणं मलाही सूक्ष्मदर्शकाशिवाय जमत नाही.

आणि औषध खरंच सापडलं तर? सह्याद्रीतल्या नरक्याचं काय झालं ते आपण पाहिलं. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगाची औषधं बनतात, म्हणून झाडंच्या झाडं तोडली गेली. वासनवेल आज कुठेही उगवते, पण मागणी वाढली की बांध आधी बोडके होतील. तिची लागवड आत्तापासून हवी, आणि कुठली वेल लावायची हे ठरवायला मोजमाप हवं. पाटणच्या धुवाधार पावसातली वेल आणि जतच्या पाचशेएक मिलिमीटर पावसातली वेल यांत सायनोकॉक्युलिन सारखं असेल असं मी गृहीत धरत नाही. पाण्याच्या ताणात अनेक वनस्पतींची अशी द्रव्यं बदलतात. सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, विद्यार्थ्यांची गावं प्रत्येक तालुक्यात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना त्यांनी आपापल्या बांधावरची एकेक फांदी फुला-फळांसह दाबून आणावी. गावाचं नाव आणि तोडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहिलेली असावी.