जंगलातली नोकरी आणि मनाचा दवाखाना

चि. ताईस,


विदर्भात मनाच्या आजारासाठी सरकारी दवाखाना निघाला तो 1864 साली, नागपुरात. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. त्या वेळी लागू असलेला 1858 चा कायदा उपचारापेक्षा बंदोबस्ताचा होता. माणसाला वेडा ठरवायचे आणि भिंतीआड ठेवायचे. 1912 च्या कायद्यानेही ही नजर फारशी बदलली नाही. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, जंगलातल्या माणसाला नागपूर दूर आणि पुजारी जवळ. भामरागडहून नागपूर आजही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणून लोक आधी पुजाऱ्याकडे जातात यात त्यांचा दोष नाही.

1982 साली गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या इस्पितळाबाहेर, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत उपचार न्यायचे, हा त्यामागचा विचार. 1996 पासून त्याला जिल्हा कार्यक्रमाचे रूप आले. 2017 च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला आणि विम्यात या आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितले.

वनखात्याची नोकरी मात्र या इतिहासाच्या कडेलाच राहिली. वनरक्षक भरतीत लेखी परीक्षा होते, उंची मोजतात, मुलांना 5 आणि मुलींना 3 किलोमीटर पळवतात. मनावर काय येणार आहे, याची तयारी त्यात नसते.

येते ते असे. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्याच्या कोलारा गाभा क्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसह सकाळी पायी निघाली होती. वाटेत वाघीण बसलेली दिसली. बराच वेळ थांबून चौघांनी झाडीतून वळसा घेतला. वाघीण मागून आली आणि सर्वांत मागे चालणारी वनरक्षक गेली. पुढचे तिघे वाचले. असा प्रसंग पाहिलेल्या माणसाला पुन्हा त्याच पायवाटांवर गस्त घालायची असते. ब्रह्मपुरी वनविभागात शेत, गाव आणि वाघ एकमेकांना लागून आहेत. तिथे हल्ला झाला की संतापलेल्या जमावातून वाट काढत मृतदेहापर्यंत पोचायचे, पंचनामा करायचा, आणि तो मृतदेह बहुधा गावातल्या ओळखीच्या माणसाचाच असतो.

झोप उडणे, तो प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणे, झाडीत शिरताना हातपाय गार पडणे, याला बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीत, सरसकट भित्रेपणा म्हणतात. ते अन्यायाचे आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर, आघातानंतरच्या अशा ताणाला स्वतंत्र व्याधी म्हणून मान्यता दिली. व्याधीवर इलाज असतो: समुपदेशन, लागल्यास औषध, काही काळ दुसरे काम. बढती अडेल, सहकारी हसतील, या धास्तीने तो मागितलाच जात नाही. मार्च 2021 मध्ये मेळघाटात हरिसालच्या एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आत्महत्या केली, तेव्हा कुठे खात्यातला ताण आणि वरिष्ठांची वागणूक हे विषय राज्यभर उघडपणे बोलले गेले.

ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, विनामूल्य चालते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. वनरक्षकाला त्यासाठी रजा लागत नाही, वरिष्ठांची परवानगीही लागत नाही. फक्त रेंज असलेल्या ठिकाणी यावे लागते.

कळावे.

तुझा,
मामा