बडे अब्बांचा रस्ता

चंद्रपूरहून आलापल्लीला जायचे म्हणजे बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी अशी गावे ओलांडत जावे लागते. दिवाळीच्या सुटीत आम्ही धाकट्या भावाला आणि मुलांना घेऊन याच रस्त्याने निघालो. तब्बल वीस वर्षांनी. पर्यटन हा हेतू नव्हता. मागच्या वर्षी आमच्या अब्बांचा इंतकाल झाला. जाण्याच्या काही दिवस आधी ते म्हणाले होते, "माझ्याकडून आलापल्लीला जाणे झाले नाही. तुम्ही एकदा जाऊन या." का जाणे झाले नाही, हे घरात सर्वांना माहीत होते. त्यावर कोणी बोलत मात्र नसे.

आमचे आजोबा, ज्यांना आम्ही बडे अब्बा म्हणत असू, ते आलापल्लीला राहत. सागाची लाकडे बल्लारशाच्या डेपोत पोहोचवणाऱ्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. त्याआधी ते फौजेत होते. 1942 साली भरती झाले तेव्हा त्यांचे वय वीसच्या आसपास होते. त्याच वर्षी 16 ऑगस्टला याच जिल्ह्यातल्या चिमूरला इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो धडा वर्गात शिकवताना दर वर्षी आम्हाला बडे अब्बांची आठवण येते. लहानपणी आम्ही त्यांना विचारले होते, "लोक इंग्रजांशी लढत होते आणि तुम्ही त्यांच्या फौजेत कसे गेलात?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "घरात खाणारी तोंडे सात आणि कमावणारा मी एकटा." त्यांनी कधी स्वतःला बहाद्दर म्हणवून घेतले नाही.

फौजेत त्यांना गाडी शिकवली आणि सप्लाय कोअरमध्ये आसामच्या बाजूला पाठवले. दिमापूरहून कोहिमामार्गे इंफाळला जाणारा रस्ता दोनशे किलोमीटरहून लांब, सगळा डोंगराचा. त्यावरून तीन टनी ट्रकमध्ये तांदूळ, पेट्रोल, दारूगोळा न्यायचा आणि येताना जखमी आणायचे, हे त्यांचे काम. 1944 च्या मार्चअखेर जपानी फौजेने हा रस्ता तोडला. कोहिमाला वेढा पडला. रस्ता पुन्हा जोडला गेला तो 22 जूनला. मधले जवळजवळ तीन महिने इंफाळला जे पोहोचले ते विमानानेच. बडे अब्बा ही हकीकत सांगत, पण त्यात बंदुकीचा आवाज फारसा नसे. चिखल असे, पाऊस असे, आणि बंद पडलेला रस्ता असे.

बल्लारपूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना झाडे दाट होऊ लागली. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. पुलावर गाडी थांबवून मुलांना नदी दाखवली. येथून थोडे खाली वर्धा नदी वैनगंगेला मिळते आणि पुढे तिचे नाव प्राणहिता होते. आता या रस्त्यावर सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या अवजड गाड्यांची रांग असते. धुळीने सागाची पाने लाल झालेली दिसली. धाकटा भाऊ म्हणाला, "बडे अब्बा असते तर प्रत्येक खड्ड्याला नावाने हाक मारली असती."

खरोखर त्यांना हा रस्ता पाठ होता. कोणत्या नाल्याचा रपटा पाऊस पडल्यावर किती तासांत बुडतो आणि किती तासांत मोकळा होतो, हे ते सांगत. सुटीत आम्ही आलापल्लीला गेलो की फजरनंतर आम्हाला उठवत, चहाबरोबर खारी देत आणि उर्दूची इबारत लिहायला बसवत. त्यांचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंत. पण आम्ही बी.एड. करावे म्हणून त्यांनी आपली जुनी सायकलसुद्धा विकली होती. मोहल्ल्यातल्या गोंड आणि तेलुगू मुलांनाही ते आमच्याच ओळीत बसवत. त्यांची चिठ्ठीपत्री, अर्ज, सगळे नंतर आमच्याकडून लिहून घेत.

वीस वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ते आजारी पडले. ते म्हणत होते, "मला इथून हलवू नका. बडी अम्मीच्या शेजारी माझी जागा आहे." अब्बांनी ऐकले नाही. मुलगा म्हणून त्यांना इलाज करायचाच होता. त्यांनी चंद्रपूरला आणले. पाचव्या दिवशी बडे अब्बा गेले. बाहेर पाऊस असा की सगळे नाले भरून वाहत होते. मय्यत घेऊन गाडी गोंडपिपरीपर्यंत गेली आणि परत आली. पुढे रस्ता बंद. मय्यतीला ताटकळत ठेवणे बरे नाही, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मगरीबच्या आधी चंद्रपूरच्या कब्रस्तानात दफन झाले. ज्या माणसाने जन्मभर रस्ते चालू ठेवले, त्यालाच घरी जायला रस्ता मिळाला नाही. अब्बांनी हे मनाला लावून घेतले. आलापल्लीला कोणत्या तोंडाने जाऊ, असे ते म्हणत.

आलापल्लीत पोहोचलो तेव्हा जोहरची वेळ होती. जुने घर आता दुसऱ्याचे आहे. मशिदीतून बाहेर पडताना एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला ओळखले. ते बडे अब्बांच्या गाडीवर क्लीनर होते. घरी नेऊन त्यांनी पाणी दिले आणि न विचारताच सांगू लागले. त्या दिवशी इथे निरोप आला होता. पोरांनी भर पावसात बडी अम्मीच्या शेजारी कबर खोदली. त्यात गोंड पोरेही होती. पाणी साचत होते, ते बादलीने उपसत होते. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग कळले की गाडी परत गेली. तेव्हा त्यांनी माती पुन्हा लोटली आणि तिथेच उभे राहून दुआ मागितली.

आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हते. धाकट्याने अब्बांविषयी सांगितले. ते चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या अब्बाने एकदा यायला हवे होते. मी त्याला सांगितले असते." काय सांगितले असते, तेही त्यांनी सांगितले. एका पावसाळ्यात गाडी दोन नाल्यांच्या मध्ये अडकली असताना क्लीनरचे वडील वारल्याची खबर आली. माती द्यायलाही जाता येईना म्हणून ते रडत होते. तेव्हा बडे अब्बांनी मणिपूरच्या रस्त्यावर दफन केलेल्या आपल्या साथीदाराची गोष्ट सांगितली. त्याच्या घरचे कोणी तिथे कधी पोहोचणार नव्हते. "मिट्टी सब अल्लाह की है, बेटा. दुआ को रपटा नहीं लगता," असे ते म्हणाले होते.

इंफाळला इंडियन आर्मी वॉर सिमेटरी आहे. तिथे आठशेहून अधिक जवानांची नोंद आहे, त्यांत मुसलमान जवान मोठ्या संख्येने आहेत. ज्या हिंदू आणि शीख जवानांचे दहन झाले, त्यांची नावे तिथल्याच स्मारकावर आहेत. घरापासून हजारो मैलांवर ते सगळे आहेत. हे पाहून आलेल्या माणसाने आपल्या मुलाला चंद्रपूरच्या मातीबद्दल दोष दिला नसता. पण हे अब्बांना सांगणारे कोणी भेटले नाही, कारण अब्बा त्या रस्त्याला गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलांना वनवैभव दाखवायला नेले. तिथले जुने साग तोडीपासून राखून ठेवलेले आहेत. 2014 साली या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दोघांच्या कवेत न मावणारी झाडे पाहून मुले गप्प झाली. थोरल्याने विचारले, "यातले एखादे झाड बडे अब्बांनी पाहिले असेल?" पाहिले असणारच. त्यांच्या ट्रकवर चढलेल्या लाकडांच्या वयाचीच ही झाडे आहेत.

परतताना आम्ही बडी अम्मीच्या कबरीवर फातिहा पढलो. शेजारची जागा आजही मोकळी आहे. तिथे गवत आहे. त्यातली मूठभर माती मुलांनी रुमालात बांधून घेतली. चंद्रपूरला आलो तेव्हा असरची अजान होत होती. बडे अब्बा आणि अब्बा एकाच कब्रस्तानात, चार ओळींच्या अंतराने आहेत. मुलांनी ती माती दोघांच्या कबरींवर घातली. त्याने मय्यतीला काही पोहोचते असे नाही, हे आम्ही त्यांना समजावले. पोहोचते ती दुआ. पण मुलांची इच्छा आम्ही मोडली नाही.

वाचकांनो, आपल्या घरातही अशी एखादी न बोललेली गोष्ट असेल. ज्या गावाला जायला मन धजत नाही, तिथेच कधी कधी आपली समजूत घालणारा माणूस बसलेला असतो. तो म्हातारा होत चालला आहे. सुटी मिळताच निघा. अल्लाह आमच्या बडे अब्बांची, अब्बांची आणि त्या डोंगरात राहिलेल्या अनाम साथीदाराची मगफिरत करो. आमीन.