वाळवंटातला समुद्र आणि आपला टँकर

इजिप्त टूरचं फॅड आता आपल्या त्र्यंबकलाही पोचलंय. ओळखीतलं एक कुटुंब यंदा पिरॅमिड बघून तांबड्या समुद्रावर, हुरघाडाला चार दिवस राहून आलं. फोटो बघितले. पुढे निळाशार समुद्र, मागे कुसळ उगवत नाही असे बोडके डोंगर आणि मधे स्विमिंग पूल, हिरवळ, खजुराची झाडं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, पाण्याची तर चंगळच होती!"

बातमीदाराची खोड. पाणी येतं कुठून, ते शोधलं. तिकडे पाऊस जवळजवळ पडतच नाही. नाईलचं पाणी लांबून पाइपलाइननं आणतात, बाकी समुद्राचं खारं पाणी गोडं करतात. आणखी दक्षिणेला मार्सा आलमकडे कितीतरी हॉटेलांनी स्वतःचेच प्लांट टाकलेत. त्याला वीज रग्गड लागते, उरलेलं खारट पाणी परत समुद्रात जातं, म्हणजे तेही काही पुण्याचं काम नाही. पण निदान पाण्याचा खर्च मालकाला करावा लागतो.

आता आपल्याकडे या. वर्षाला 2000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस. गोदावरी इथली, वैतरणाही इथलीच. पण काळ्या खडकात पाणी मुरत नाही, सगळं वाहून जातं. अप्पर वैतरणेत अडवलेलं मुंबई पिते. मार्च सरला की पाड्यांवर हंडे निघतात. 2022 मध्ये मेटघरच्या बायका पाण्यासाठी विहिरीत उतरताना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिल्या.

त्याच डोंगरांच्या कुशीत रिसॉर्ट वाढतायत. स्विमिंग पूल, वर रेन डान्स. भर मे महिन्यात रेन डान्स! (जुलैत या की, फुकट आहे.) रिसॉर्ट नकोतच असं मी म्हणत नाही. पाड्यावरची पोरं तिथं कामाला आहेत, त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. पण इथं बोअर मारली की पाणी फुकट, आणि आटते ती खालची विहीर.

2027 चा कुंभ तोंडावर आहे, खोल्या अजून वाढणार. पाड्यांवरच्या मित्रांनो, येत्या ग्रामसभेत विचारा : आपल्या हद्दीतल्या रिसॉर्टच्या बोअर किती, किती खोल, मीटर आहे का? उन्हाळ्यात आत किती टँकर जातात? उत्तर मिळालं तर मला कळवा, नाही मिळालं तरी कळवा. नाव छापणार नाही.