सुरतेचा निखारा

वसईहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरांच्या आतच भाषा बदलते, पाट्या बदलतात आणि ताटही बदलते. संजाण व वापी मागे पडले की फलाटावर फाफडा नि पापडी दिसू लागतात, आणि सुरतेस उतरेपर्यंत सामिष अन्नाचा वास असा येतच नाही. अशा नगरीत आम्ही डुकराच्या बरगड्या भाजण्याची रीत शिकून आलो असे सांगितले, तर वाचक हसतील. परंतु विस्तवावर पदार्थ भाजण्याची विद्या या शहरात जुनी आहे, आणि ती मांसाहून धान्यावर अधिक चालते.

प्रथम थोडा इतिहास. १६१३ साली मोगल बादशहाचे फर्मान मिळाल्यावर इंग्रजांची वखार येथे स्थिरावली. ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक त्या शतकाच्या अखेरीस वखारीत राहून गेला व १६९६ साली त्याने आपला सुरतेचा प्रवास छापला. वखारीच्या मुदपाकखान्यात इंग्रज, पोर्तुगीज व हिंदी असे तीन आचारी होते, असे तो लिहितो. कबाबाचे वर्णनही त्याने केले आहे: मांसाचे लहान तुकडे, त्यांस मीठमिरी, वर तेल नि लसूण, सळईवर तुकड्यांमध्ये सुगंधी पाला, आणि भाजताना पुनःपुन्हा तेच तेल लावणे. तीनशेहून अधिक वर्षांनंतरही त्यात दुरुस्ती करण्याजोगे फारसे नाही.

आपल्या वाचकांस जवळची वाटेल अशी आणखी एक हकीकत याच शहरातली आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन संघाच्या फादर आंब्रोज यांच्या मठास त्यांनी हात लावू दिला नाही, असे बर्निए हा फ्रेंच प्रवासी नमूद करतो. डचांच्या एका मयत हिंदू दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानशूर होता म्हणून, वगळले गेले. या वेळी वखार लढवून राखणारा जॉर्ज ऑक्झंडन १६६९ साली वारला. त्याची घुमटी कतारगामच्या वाटेवरील इंग्रजी कबरस्तानात आजही उभी आहे.

आता विस्तवाकडे वळू. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तापीच्या काठी पोंकाचे मांडव लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण ज्वारीचा दाणा अधिक कोवळा, हिरवा नि दुधाळ. आम्ही भट्टीपाशी बराच वेळ उभे राहिलो. कणसे ज्वाळेत कोणी धरीत नाही. जाळ ओसरू द्यावयाचा, निखाऱ्यावर राख चढू द्यावयाची, आणि त्या उबेत कणसे खुपसावयाची; मग झोडपून दाणे वेगळे करावयाचे. ज्वाळेत टाकले तर टरफल करपते व आतला दाणा कच्चा राहतो. लिंबू-मिऱ्याची शेव नि ताक यांसह तो खाताना बोलणे सुचत नाही.

वलसाडजवळच्या महामार्गावर मिळणारे उंबाडियू हे याचेच भावंड. मडक्यात सुगंधी पाल्याचा थर, त्यात पापडी, रताळी, बटाटे नि कंद, हिरव्या लसणीचे वाटण, आणि मडके उपडे करून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. भाज्यांच्या वाफेतच भाज्या शिजतात. रायगडाकडील पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांस अधिक सांगणे नको.

आमचे यजमान मूळचे आपल्याच बाजूचे, नोकरीनिमित्त सुरतेस गेलेले. त्यांच्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडे जैनांची नि वैष्णवांची. गच्चीवर शेगडी मांडली तर धूर थेट शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात जावयाचा. कायद्याने त्यांस कोणी अडविले नसते. पण ज्या शेजारणीने बाळंतपणात यजमानीणबाईंस महिनाभर डबा पुरविला, तिच्या खिडकीशी असा धूर सोडणे त्यांच्या मनास येईना. म्हणून त्यांनी काम दोन भागांत विभागले आहे. शिजविणे घरी, झाकणाखाली. भाजणे ओलपाडच्या बाजूस एका मित्राच्या शेतावर. आमच्या मते ही तडजोड मूळ रीतीपेक्षाही सरस ठरली आहे.

दोन किलो बरगड्यांच्या आतील बाजूस पातळ चिवट पापुद्रा असतो. बोथट सुरीने तो एका टोकास उचलून फडक्याने ओढून काढावा. तो राहिला तर मसाला आत जात नाही. मग दीड मोठा चमचा मीठ, हळद, आले-लसूण, दोन चमचे बाटली मसाला व अर्धी वाटी सिरका लावून रात्रभर शीतकपाटात ठेवावे. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात कांद्याच्या चकत्यांवर बरगड्या रचून, थोडेसेच पाणी घालून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर दोन तास. घाई येथेच नडते. बरगडीच्या मांसातील चिवट तंतू नुसत्या उष्णतेने नव्हे, तर दीर्घकाळच्या उष्णतेने विरघळतात. मोठ्या आचेवर ते आखडतात व मांस वातड होते. हाडाचे टोक बोटभर उघडे पडले आणि हाड हाताने किंचित फिरले, की झाले.

शेतावर निखारे राखेने पांढुरके झाल्यावर जाळी ठेवावी. जाळीवर वीतभर उंचीवर तळहात धरून चार-पाच आकडे मोजता आले तर आच बेताची. पंधरा मिनिटे पुरतात. गूळ व सिरका यांचा लेप अखेरच्या पाच मिनिटांतच लावावा, कारण गूळ चटकन जळतो नि कडवटपणा सर्वत्र पसरतो.

एक सूचना आवश्यक आहे. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसल्यास ते घेऊ नये. अर्धकच्च्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो. त्याची अंडी अस्वच्छ हातांवाटे वा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली, तर कृमी मेंदूपर्यंत पोहोचून फेफरे येऊ शकते. दोन तास शिजलेल्या बरगड्यांस ते भय उरत नाही, पण कच्चे मांस कापलेली पाटी व सुरी निराळी ठेवून साबणाने धुवावी.

त्या दुपारी शेतावर एका बाजूस बरगड्या होत्या व दुसऱ्या आगटीत पोंक. शेताचे मालक स्वतः शाकाहारी. ते पोंक खात आमच्याशी उसाच्या भावाविषयी बोलत बसले. ज्यांस जावयाचे असेल त्यांनी नाताळानंतरचा आठवडा निवडावा, आणि ताडीचा सिरका घरूनच न्यावा. गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी असल्याने तो तेथे सहसा हाती लागत नाही.