काका फोन आडवा धरतात तेव्हा

प्रिय चिऊ,

रात्री दोनला मेसेज करायचा आणि त्यात 'कशी आहेस' एवढंही नाही? थेट प्रश्न: "ताई, एका स्क्रीनवरून दुसरीवर गेलं की मेमरी वाढतच जाते. रिकामी करायची कमांड कुठली?" तू किती वाजेपर्यंत जागतेस ते आईला कळलं, तर दोघींचंही काही खरं नाही.

अशी कमांड नाही गं. म्हणजे सिस्टिम.जीसी आहे, आणि ती तू जागोजागी डकवलीयस, पाहिलं मी. पण ती नुसती विनंती. ऐकायची की नाही ते रनटाइम ठरवतो. आणि ऐकली, तरी ज्या ऑब्जेक्टचा रेफरन्स अजून कुणीतरी धरून बसलंय, त्याला तो हात लावत नाही. आपली गिरगावातली पागडीची चाळ आठवते? एक बिऱ्हाड पावती धरून बसलं होतं, तोवर अख्खी चाळ उभी होती. तुझ्या अ‍ॅपमध्ये असं कोण अडून बसलंय, ते शोधायचं.

त्याऐवजी तू काय केलंस? पुढच्या स्क्रीनवर जाताना मागची दर वेळी फिनिश! मेमरी सुटली असेल, पण काका मूर्तीचा फोटो दाखवून बॅक दाबतात आणि थेट अ‍ॅपबाहेर पडतात. समोर गिऱ्हाईक, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून. चिडले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. अगं, मागची स्क्रीन बॅक स्टॅकमध्ये थांबते ती परत यायला. तिला राहू दे. जड सामान तेवढं कमी कर.

जड म्हणजे फोटो. पेणच्या कारखान्यात काढलेला तुझा 4000 बाय 3000 चा फोटो फाइल म्हणून असेल तीन-चार एमबी. पण पडद्यावर आणायला उलगडला की दर पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे 48 एमबी! इनसँपलसाइझ 4 दे. दोन्ही बाजू पाव होतात आणि 3 एमबीत भागतं. मी शिकले तेव्हा अँड्रॉइड 2.3 होतं, बिटमॅप हातानं रिसायकल करावा लागे. तुमचे लाड आहेत.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. गिऱ्हाइकाला नीट दिसावं म्हणून काका फोन आडवा धरतात, मग पुन्हा उभा. तू नाही धरत, म्हणून त्यांच्याकडे पडतं तसं तुझ्याकडे अ‍ॅप कधी पडलं नाही. फोन वळला की दर वेळी अँड्रॉइड त्या स्क्रीनची जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मोडतो आणि नवी उभी करतो. पण भाव बदलला की कळवणारा तुझा तो लिसनर? ऑनस्टार्टमध्ये नोंदवलास, काढलास कुठे? ज्याच्याकडे नोंदवलास तो स्टॅटिक, अ‍ॅप चालू असेपर्यंत जिवंत. त्यानं धरला लिसनर, लिसनरनं धरली मोडलेली अ‍ॅक्टिव्हिटी, आणि तिच्यासोबत सगळे फोटो. ऑनस्टॉपमध्ये काढून टाक त्याला. आणखी कुणी असेल तर लीककॅनरी लाव, स्क्वेअरचं, 2015 पासून फुकट आहे. कुणी कुणाला धरलंय ती अख्खी साखळी ते समोर मांडतं.

रागावले असं वाटलं का? काकांची ती फाटकी वही अ‍ॅपमध्ये आणावी हे घरात दुसऱ्या कुणाला सुचलं? मला तर नाहीच. आणि नोकरी सोडून मी घरी बसले होते, तेव्हा तू रोज माझ्या शेजारी गणितं घेऊन बसायचीस, एक अक्षर न विचारता. तुला ती गणितं येत होती, चिऊ. मला माहीत होतं.

आता तपासशील ते काकांच्या फोनवर, तुझ्या नव्यावर नको. 12 जीबीत काहीही खपतं. आणि यंदाच्या शाडूच्या मूर्तींचे फोटो मला पाठव. मूळ आकारातच पाठव, माझ्या लॅपटॉपला झेपतात.

तुझी,
ताई