लंकेची सहल आणि दोन पावसाळे

नाताळच्या सुटींत लंकेस जावें, असा आम्हां लातूरकर भावंडांचा बेत ठरला. नकाशा पसरला, तों अडचण उभी राहिली. त्या बेटास पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे गॉलकडे बरसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे पूर्व किनारा भिजवितात. मधले डोंगर दोहोंस अडवितात. म्हणजे नाताळांत गॉल बहुधा कोरडें, त्रिंकोमाली ओलें. आणि आजीस तर त्रिंकोमालीच्या कोनेश्वराचेंच दर्शन हवें! मे महिन्यापर्यंत थांबावें, असें आम्हीं सुचविलें. आजी म्हणाली, "लेकरांनो, माझें वय थांबेल का? २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी आपण प्यालों. आतां मला पावसाचें भय दाखवितां?" आम्ही निरुत्तर झालों. बेत डिसेंबरचाच राहिला. सामानांत छत्र्या तेवढ्या वाढल्या.