कंट्रोल कुणाकडे?

शिकाऊ वैमानिकाला अगदी सुरुवातीलाच एक छोटा संवाद पाठ करून घ्यावा लागतो. शिक्षक म्हणतो, ‘यू हॅव कंट्रोल.’ विद्यार्थ्याने स्टिक हातात घ्यायची, पाय पेडलवर ठेवायचे आणि उत्तर द्यायचं, ‘आय हॅव कंट्रोल.’ हे उत्तर कानावर पडेपर्यंत शिक्षक आपला हात काढत नाही. उलट वेळ आली की तो ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणतो, आणि विद्यार्थ्याने त्याच क्षणी हातपाय बाजूला घेऊन ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणायचं. का, कशासाठी, हे जमिनीवर उतरल्यावर विचारायचं.

माझी भाची गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी. जाताना तिला आकाशाची भीती नव्हती, इंग्रजीची होती. रात्री फोनवर ती दिवसभराची वाक्यं मला म्हणून दाखवायची आणि मी ती मनात साठवत जायची. त्यातलं ‘फॉलो मी थ्रू’ मला फार आवडलं. विमान शिक्षकच उतरवत असतो, विद्यार्थ्याचे हात स्टिकवर नुसते टेकलेले असतात. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. शिक्षकाचा हात कधी वळतो, किती वळतो, ते आपल्या तळव्याला कळू द्यायचं. जात्याच्या खुंट्यावर आजीच्या हाताबरोबर नातीचा हात फिरावा, तसं. हातातली कला एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती अशीच, आणि त्या क्षणाला विमानविद्येने एक नाव देऊन ठेवलं आहे याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या इंग्रजीत मिरवायला जागा नाही. तीनला ‘ट्री’ म्हणायचं, पाचाला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’, हजाराला ‘टाउजंड’. खरखरत्या रेडिओवर अंक कळले पाहिजेत, एवढाच हेतू. लंडनमध्ये वाढलेल्या वैमानिकालाही आपली घरची इंग्रजी बाजूला ठेवून ही शिकावी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत. परदेशी उड्डाणांसाठी किमान चौथी लागते, आणि ती टिकवायला दर 3 वर्षांनी परीक्षा द्यावी लागते. मातृभाषेचा हेल उच्चारात उतरला तरी चालतो, समजण्यात अडथळा आला नाही म्हणजे झालं. हे वाचून भाची म्हणाली, ‘मावशी, इथे माझ्या इंग्रजीला कुणी हसत नाही गं.’ शाळेच्या स्नेहसंमेलनात एका चुकलेल्या उच्चारावर अख्खं सभागृह हसलं होतं, तेव्हापासून ती इंग्रजी बोलताना आवाज खाली घेत असे. तिचा तो आवाज बिरसीला परत आला.

पण ही वाक्यं इतकी मोजकी, इतकी घासूनपुसून का झाली, हे कळल्यावर त्यांच्याकडे हलक्या मनाने बघता येत नाही. 27 मार्च 1977 ला टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. डच सहवैमानिक ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचं काही बोलला होता. विमान धावू लागलंय की नुसतं उभं आहे, हे त्या वाक्यातून टॉवरला समजलं नाही. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि 349 जीव गेले. कझाक विमानाला 15 हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. त्या विमानात टॉवरशी इंग्रजीत बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान ज्यांच्या हातात होतं ती माणसं वेगळी.

माझं मन मात्र अडकून राहतं ते आव्हियांका 52 या विमानाशी. 25 जानेवारी 1990, कोलंबियाहून न्यू यॉर्ककडे. हवा वाईट, विमान तासाभराहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत ठेवलेलं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टन सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगतो, त्यांना सांग, आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिक टॉवरला इंग्रजीत सांगतो की आमचं इंधन संपत आलंय. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, ‘मेडे’ही नाही. थोड्या वेळाने कंट्रोलर विचारतो, अजून एवढं लांबून वळवून आणतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? तो म्हणतो, चालेल असं वाटतं, थँक यू व्हेरी मच. काही मिनिटांतच एकेक करत चारही इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडच्या टेकडीवर 73 माणसं मेली.

ते ‘थँक यू व्हेरी मच’ मला झोपू देत नाही. त्या आवाजातलं आर्जव माझ्या ओळखीचं आहे. परक्याच्या भाषेत आपण पाहुण्यासारखे वावरतो. साहेबाच्या टेबलासमोर, दवाखान्यात, विमानतळावरच्या खिडकीशी आपण अडचण सांगतो ती निम्मी गिळून, वर आभार मानून. इंग्रजीच्या पुस्तकांनी आपल्याला ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ आधी शिकवलं. ‘मला मदत हवी आहे, आत्ता हवी आहे’ हे वाक्य पहिल्या धड्यात असायला हवं होतं असं मला पोटतिडकीने वाटतं.

आपलीच भाषा असली म्हणून सुटका होते असंही नाही. 1 जून 2009 ला एअर फ्रान्स 447 अटलांटिकमध्ये कोसळलं, 228 माणसं गेली. शेवटच्या मिनिटांत डावीकडच्या सहवैमानिकाने नियंत्रण आपल्याकडे घेतल्याचं मोठ्याने सांगितलं. उजवीकडच्याने ते जवळजवळ लगेच परत घेतलं, एक शब्दही न उच्चारता. दोघेही फ्रेंच, दोघेही फ्रेंचमध्ये बोलत होते.

त्याच वर्षी 15 जानेवारीला न्यू यॉर्कवर पक्ष्यांचा थवा आदळून एका विमानाची दोन्ही इंजिनं निकामी झाली. विमान सहवैमानिक जेफ्री स्काइल्स चालवत होते. कॅप्टन सलनबर्गर म्हणाले, ‘माय एअरक्राफ्ट.’ स्काइल्सनी उत्तर दिलं, ‘युअर एअरक्राफ्ट.’ एवढ्यावर अदलाबदल पुरी झाली. कंट्रोलरने विमानतळावर परतण्याची धावपट्टी देऊ केली, तर कॅप्टन म्हणाले, ‘अनेबल.’ विमान हडसन नदीत उतरलं आणि 155 च्या 155 माणसं वाचली.

‘अनेबल’ म्हणजे सांगितलेलं करता येणार नाही. माफी नको, सबबींची माळ नको. भाचीला सगळ्यांत जड गेला तो हाच शब्द. आमच्या घरात मोठ्यांना ‘नाही’ म्हणायची रीत नाही. ‘बघते’, ‘करते’ म्हणायचं आणि मग ओढाताण सोसायची. टॉवरवरचा आवाज तर वडीलधाऱ्यासारखाच येतो. एका सकाळी ती धावपट्टीच्या तोंडाशी उभी होती, लांबून दुसरं विमान उतरायला येत होतं. टॉवरने विचारलं, लगेच डिपार्चरला तयार आहेस का? तिच्या तपासण्या पुऱ्या व्हायच्या होत्या. मागे वर्गमित्रांची विमानं रांगेत. ‘तोंडात ॲफर्म, म्हणजे हो, आलं होतं,’ ती सांगत होती, ‘पण मी अनेबल म्हटलं. आवाज थोडा कापला.’

‘मग? रागावले?’ मी विचारलं.

‘छे गं. रॉजर म्हणाले, होल्ड पोझिशन म्हणाले. ते विमान उतरलं, मग मला सोडलं.’